फिरून आल्यावर माझे फोटो एवढे मेलेले का वाटतात?

भटकभवानी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. प्रश्न जरा लांबलचक आहे.

गेली सहा-सात वर्षं जमेल तसं फिरते. आधी मोबाइलवरच भागायचं, दोन वर्षांपूर्वी रीतसर मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत एक वाइड लेन्स आणि एक बऱ्यापैकी लांब झूम. अपर्चर, शटर, आयएसओ वगैरे शिकून झालंय, म्हणजे फोटो हलत नाहीत, काळे पडत नाहीत, क्षितिज तिरकं येत नाही. तरीपण काहीतरी बोंबलतंय.

गेल्या महिन्यात पाच दिवस डोंगरात होते. एका संध्याकाळी खिंडीत पोचलो आणि समोर दरीच्या पलीकडे एकामागे एक डोंगररांगा, प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा फिकट, खाली खोलात नदीची एक चकाकती रेघ, वारा असा की धड उभं राहवेना, आणि माझी मैत्रीण, जी झोपेतसुद्धा बोलते, ती चक्क गप्प. मी त्या अर्ध्या तासात दोनशे चाळीस फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले तर काय, वर पांढरट आभाळ, मध्ये करड्या निळ्या रंगाची पट्टी, खाली काळपट दगड, संपलं. जो डोंगर तिथे अंगावर येत होता तो फोटोत एखाद्या टेंगळाएवढा. भावाला दाखवले, त्याने पाच-सहा फोटो भराभर पुढे सरकवले आणि विचारलं, "छान आहेत. हवा कशी होती गं?"

पाच दिवसांचे अठराशे फोटो आहेत आणि त्यातला एकही बघून मला तिथे परत गेल्यासारखं वाटत नाही. लेन्स चुकतेय का, एडिटिंग येत नाही म्हणून असं होतंय, का मुळात नजरच नाही? आणि अजून एक, गुलाबी आभाळ, तलावातलं प्रतिबिंब असले फोटो मीपण काढते, त्यांना लाइक्सही बरे पडतात, पण ते माझे वाटतच नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या कोणीही काढले असते. असं तुम्हाला होतं का?

शटरबहाद्दर

सोप्पं आहे, अजून एक लेन्स घ्या. मी गेली दहा वर्षं हेच करतोय. फोटो तसेच आहेत पण बॅग बघून लोक वाट देतात :)

गंमत सोडा, दोनशे चाळीस म्हणजे अर्ध्या तासात मिनिटाला आठ झाले की हो. बघितलं कधी मग?

अर्धउजेड

भटकभवानी, तुमचा भाऊ मला फार आवडला. असा एक माणूस प्रत्येक फोटो काढणाऱ्याच्या घरी असायला हवा, कारण त्याने नेमकं जे फोटोत नाही तेच विचारलं.

मी वीसेक वर्षं हेच करतोय, पोटापाण्यासाठी थोडं आणि हौसेपोटी जास्त, आणि मला हे अजूनही होतं, त्यामुळे 'नजर नाही' वगैरे डोक्यातून काढून टाका. तुम्ही त्या खिंडीत होतात तेव्हा तुमच्या अंगावर वारा होता, चढून आल्याची धाप होती, मैत्रीण गप्प झाल्याचं नवल होतं, आणि या सगळ्याची मिळून तुम्हाला जी जाणीव झाली तिलाच तुम्ही 'समोरचं दृश्य' समजलात. कॅमेऱ्याला त्यातलं काय मिळालं? उजेड, तोही एका चौकटीपुरता आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता. शिवाय आपला डोळा एका जागी थांबत नाही. तो डोंगरावर जातो, तिथे रेंगाळतो, खाली दरीत उतरतो, अंधारात गेला की बाहुली मोठी होते, परत आभाळाकडे आला की लहान, आणि मेंदू हे सगळे तुकडे शिवून एकच चित्र म्हणून आपल्या हातात देतो. जे महत्त्वाचं वाटतं ते तो मोठं करून दाखवतो. कॅमेरा बिचारा कशालाच महत्त्व देत नाही.

उदाहरण म्हणून चंद्र घ्या. डोंगरामागून उगवताना केवढा वाटतो, आणि फोटोत एक पांढरा ठिपका. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. २४ मिमी लेन्स असेल तर ३६ मिमी रुंद सेन्सरवर त्याची प्रतिमा पाव मिलीमीटरसुद्धा भरत नाही. तुमच्या डोंगराचं अगदी हेच झालं. आपल्याला वाटतं वाइड लेन्स लावली की सगळं मावेल, आणि मावतंही, पण बाजारच्या पिशवीत कोंबल्यासारखं. लांबचं सगळं आणखी लांब जातं आणि पायाजवळची रिकामी दगडमाती अर्धी फ्रेम खाते. वाइड लेन्सची खरी मजा पायाजवळच्या एखाद्या गोष्टीला अगदी नाक लावण्यात आहे, गुडघे टेकून, पार हातभर अंतरावर.

आता महत्त्वाचं सांगतो. तुम्ही वर काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. 'प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा फिकट.' 'नदीची एक चकाकती रेघ.' हे दोन फोटो झाले की! वेगवेगळे. पहिल्याला तुमची लांब झूम हवी होती, आभाळ पूर्ण बाहेर, दगड बाहेर, नुसत्या रांगा एकीवर एक. दुसऱ्याला त्याहून कमी, काळी दरी आणि त्यात ती रेघ, बाकी काही नको. आणि तिसरा फोटो तुमची मैत्रीण, पाठमोरी, गप्प. तुम्ही तिन्ही गोष्टी एका फ्रेममध्ये कोंबल्या आणि तिन्ही मेल्या. मी हल्ली कुठेही पोचलो की कॅमेरा बाहेर काढायच्या आधी स्वतःला मनातल्या मनात एक वाक्य बोलायला लावतो, मी नक्की कशापाशी थांबलो? 'वा काय जागा आहे' हे उत्तर चालत नाही. 'त्या झाडाची सावली झाडापेक्षा लांब आहे' हे चालतं. वाक्य सुचत नसेल तर मी गुपचूप बसून पाणी पितो.

एक अनुभव सांगतो. एका तलावाच्या काठावर मी सलग चार पहाटे गेलो होतो. डोक्यात फोटो आधीच तयार, पलीकडचा डोंगर, त्यावर पहिलं ऊन, खाली आरशासारखं प्रतिबिंब. पहिल्या दिवशी वारा, पाणी सगळं खडबडीत. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी सगळं जुळून आलं, अगदी हवं तस्सं, मी मान खाली घालून तासभर काढत सुटलो आणि परत आल्यावर बघतो तर आयएसओ ३२००, म्हणजे अंधारासाठी वाढवलेला, आदल्या रात्री तारे काढताना ठेवलेला तसाच. सगळ्या फोटोंवर रवा भुरभुरल्यासारखा ग्रेन. चौथ्या दिवशी चिडून गेलो तर धुकं, डोंगर गायब. करायला काही नाही म्हणून काठावर उकिडवा बसलो, तर समोर दोन हातांवर एक लव्हाळ्याची काडी पाण्यातून वर आलेली, मध्येच मोडलेली, आणि तिचं प्रतिबिंब धरून पाण्यावर नीट त्रिकोण तयार झालेला. मोडलेल्या जागी एक थेंब. तो पडला की त्रिकोण थरथरायचा आणि पुन्हा जुळायचा. मी दोन थेंब पडू दिले, तिसऱ्याच्या आधी एक फोटो काढला. त्या चार दिवसांतला तेवढा एकच आजही माझ्याकडे भिंतीवर आहे, आणि तिसऱ्या दिवसाचे ते ग्रेनवाले नसते तरी मी ते लावले नसते असं आता वाटतं, कारण तो फोटो मी घरून निघतानाच काढून ठेवला होता, तलाव फक्त सही करायला हवा होता.

तुमच्या 'कोणीही काढले असते'चं उत्तर बहुतेक यातच आहे. आपण बघितलेले फोटो डोक्यात घेऊन जातो आणि ते तिथे सापडले की खूश होतो.

अजून एक सवय लावून घ्या, फुकट आहे. सूर्यास्ताला सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात ना, सूर्य बुडाल्यावर पाचेक मिनिटांनी पाठ फिरवून पूर्वेकडे बघा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजाला लागून गडद निळसर करडा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो खालचा पट्टा म्हणजे चक्क पृथ्वीची सावली, वातावरणावर पडलेली. बघता बघता वर सरकत जाते. पर्यटक तोवर गाडीत बसलेले असतात.

तिपाई

अर्धउजेड यांनी कवितेची बाजू सांभाळलीय, मी आपला नटबोल्टवाला. पण नटबोल्ट ढिले असले तर कविता पण हलते, म्हणून थोडं.

ताई, तुमच्या त्या फिकट होत जाणाऱ्या रांगा म्हणजे मधल्या हवेची करामत. हवेतले रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, तो विखुरलेला उजेड डोंगर आणि आपल्यामध्ये भरत जातो, जितकं अंतर जास्त तितका तो पडदा जाड. त्यामुळे एडिटिंगमध्ये त्या डीहेझच्या (धुरकटपणा काढायच्या) स्लायडरला चुकूनही हात लावू नका! लोक हौसेने तो उजवीकडे ओढतात, मग सगळ्या रांगा सारख्याच काळ्या होतात आणि फोटोत जे होतं तेच पुसलं जातं. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर तोही अशा वेळी काढून बघा. तसाही त्याचा जोर सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळात सगळ्यात जास्त असतो, आणि वाइड लेन्सवर लावला की आभाळाचा एक पट्टा गडद, कडा फिकट, असं बेंगरूळ दिसतं. तो पाण्यावरची, ओल्या पानांवरची चकाकी मारायला मात्र झकास.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये काढताय ना? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. पांढरट आभाळातून काही परत मिळवायचं असेल तर ते रॉमधूनच मिळेल, आणि तेही पूर्ण जळलं नसेल तरच. म्हणून काढताना हिस्टोग्रामचं (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक बघा, भिंतीला आपटलेलं असेल तर एक्सपोजर कमी करा. सावल्या नंतर उचलता येतात, जळलेलं आभाळ देवसुद्धा परत आणत नाही.

पायाजवळची वस्तू आणि लांबचा डोंगर दोन्ही शार्प हवे असतील तर फुलफ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमी लेन्स, अपर्चर एफ/११, आणि फोकस साधारण १.८ मीटरवर. मग पाऊण-एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं. एफ/२२ ला पळू नका, एवढ्या बारीक भोकातून उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि त्याने सगळाच फोटो मऊ पडतो. धबधबा रेशमी करायचा असेल तर दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे काळपट फिल्टर, ज्याने उजेड साधारण हजार पटीने कमी होतो, १/३० सेकंद असेल तिथे ३४ सेकंद होतील. (पण प्रत्येक धबधब्याचा साबणाचा फेस केलाच पाहिजे असा कायदा नाही. मी पाच वर्षं तेवढंच केलं, आता बघवत नाहीत.)

आणि इंद्रधनुष्य हवं असेल तर पाऊस बघून धावू नका, आधी सूर्य बघा. मुख्य धनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर असतं, त्यामुळे सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असेल तर सपाटीवरून ते दिसणारच नाही. सकाळी नाहीतर उतरत्या दुपारी, सूर्याकडे पाठ करून.

बाकी ट्रायपॉड वापरा हे मी सांगणारच, आयडीच तसा आहे. खरा फायदा कंप थांबण्याचा नाही, माणूस थांबण्याचा आहे. तीन पाय उघडायचे, लेव्हल करायचं म्हटल्यावर दोनशे चाळीसचे आपोआप बारा होतात.

नुसताबघ्या

विरोधी पक्ष म्हणून माझं मत नोंदवून ठेवा. मी पण एकेकाळी सगळं घेतलं होतं, आता कॅमेरा विकून टाकला आणि सुखी आहे. कुठल्याही पॉइंटवर जा, लोक कोपर मारत पुढे येतात, एकच फोटो काढतात, तोच जो त्यांनी आधी शंभर वेळा बघितलेला असतो, आणि निघून जातात. ताईंनी अर्धा तास त्या खिंडीत काय केलं, तर स्क्रीन बघितली. आठवण कशी राहणार मग?

आणि एडिटिंगचं तर बोलूच नका. आभाळ बदलतात, तारे चिकटवतात, वर 'निसर्ग' म्हणतात. तो निसर्ग नाही, मेकअप आहे. पूर्वी फिल्म होती तेव्हा जे होतं ते होतं. ज्याला फसवायचंच आहे त्याने चित्र काढावं ना सरळ.

अर्धउजेड

नुसताबघ्या, पहिल्या मुद्द्याला अर्धा सलाम. अर्धाच, कारण कॅमेरा नसता तर मी त्या काडीसमोर वीस मिनिटं बसलोच नसतो, ऊठ रे म्हणून निघालो असतो. काहींना कॅमेऱ्यामुळे दिसायचं बंद होतं, काहींना त्याच्यामुळेच दिसायला लागतं.

पण 'पूर्वी जे होतं ते होतं' हे काही खरं नाही हो. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ले ग्रे नावाचा फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढायचा. तेव्हाच्या काचेवरच्या निगेटिव्हला निळा रंग इतका लागायचा की समुद्र नीट आला तर आभाळ कोरं पांढरं, अगदी भटकभवानींसारखं. मग या गड्याने काय करावं, आभाळाची एक निगेटिव्ह, समुद्राची दुसरी, आणि दोन्ही मिळून एक प्रिंट. म्हणजे आभाळ जोडायची कला फोटोग्राफीच्या पाळण्यातलीच आहे.

आणि ज्यांचं नाव घेतल्याशिवाय लँडस्केपच्या गप्पा पुऱ्या होत नाहीत त्या अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं घ्या. १९२७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत हाफ डोम नावाच्या कड्यासमोर उभे, जवळ काचेच्या दोनच प्लेटा उरलेल्या. एक पिवळा फिल्टर लावून काढली आणि लगेच लक्षात आलं की यात आभाळ जसं आहे तसंच येणार, त्यांना तो कडा बघून जे वाटतंय ते येणार नाही. म्हणून शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर, ज्याने निळं आभाळ जवळजवळ काळं होतं. गाजली ती ही दुसरी. तिथे कोणी काळं आभाळ पाहिलं नव्हतं, त्यांनीसुद्धा नाही.

त्यांचाच तो न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय, १९४१ चा. गाडीतून जाताना दिसलं, थांबले, ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा घाईघाईत उभा केला तर लाइट मीटरच सापडेना. स्मशानातल्या क्रुसांवरचं ऊन चालत निघालेलं. चंद्राची प्रखरता किती हे त्यांना पाठ होतं, त्यावरून मनातच एक्सपोजर काढलं, एक शॉट मारला, दुसऱ्यासाठी फिल्मचा होल्डर उलटवेपर्यंत ऊन गेलं. झालं, एकच निगेटिव्ह. पण पुढे कित्येक वर्षं ते तिचे प्रिंट काढत राहिले आणि दर वेळी वेगळे, सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये आभाळात फिकट ढग दिसतात, नंतरच्यांत आभाळ जवळपास काळं ठार. मुळात ते पियानो शिकलेले, निगेटिव्ह म्हणजे त्यांच्या लेखी लिहिलेली सुरावट आणि प्रिंट म्हणजे मैफल. (गंमत म्हणजे तारखा टिपून ठेवायचा त्यांना भारी कंटाळा, या फोटोची तारीख शेवटी चंद्राच्या जागेवरून गणित करून काढावी लागली, १ नोव्हेंबर.)

मग सगळंच चालतं का? तर नाही, मला नाही चालत. फोटो कशाच्या नावावर खपवताय त्यावर आहे. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर आडव्या फोटोतले पिरॅमिड उभ्या पानात बसावेत म्हणून जवळ सरकवले होते, तेव्हा केवढा गदारोळ झाला, कारण तिथे वाचक 'हे असं आहे' म्हणून बघतो. उलट जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्कीने १९९९ मध्ये ऱ्हाइन नदीच्या फोटोतून पलीकडची कारखान्याची इमारत आणि कुत्री फिरवणारी माणसं कॉम्प्युटरवर काढून टाकली, तसं उघड सांगितलं, आणि तो फोटो २०११ मध्ये ४३ लाख डॉलरवर विकला गेला. मला स्वतःला तो थंडच वाटतो, पण फसवल्यासारखं नाही वाटत.

आणि विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आठवते का? अर्ध्या जगाला ती कॉम्प्युटरवर बनवलेली वाटायची. ती खरी आहे, कॅलिफोर्नियातली, १९९६ च्या जानेवारीत चार्ल्स ओरियर यांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फिल्मवर काढलेली. हिरवी कशामुळे, तर थंडीतला पाऊस झालेला, आणि तिथले द्राक्षमळे कीड लागून उपटलेले होते. म्हणजे एरवी बघाल तर ती टेकडी तशी नसतेच. तर खरं दिसणारं खोटं आणि खोटं दिसणारं खरं, दोन्ही आहे.

माझं म्हणाल तर एकदा एका कुरणाच्या फोटोतून विजेचा खांब पुसला होता. फार सफाईने. तेव्हापासून तो फोटो उघडला की मला कुरण दिसत नाही, नसलेला खांबच दिसतो. सेन्सरवरची धूळ सोडून आता काही पुसत नाही.

ओलीपायवाट

एक मुद्दा राहतोय म्हणून घुसते. मी मुख्यतः पक्षी आणि कीटक काढते. लँडस्केपवाल्यांचं बरं आहे, डोंगराला त्रास होत नाही असं त्यांना वाटतं. पण नेमकी जागा टॅग करून टाकली की पुढच्या मोसमात तिथे गवत उरत नाही, पायवाटांचं जाळं होतं. घरट्याचे फोटो तर मी बघतही नाही आता. माणूस जवळ उभा राहिला की पालक पक्षी दूर थांबतात, तेवढ्यात पिल्लं उन्हात तापतात नाहीतर कावळ्याला घरटं कळतं, आणि हे त्या गोड फोटोत दिसत नाही.

विचित्र म्हणजे फोटोंनी जागा वाचवल्यापण आहेत. फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये प्रचंड मोठ्या काचेच्या प्लेटा खेचरांवर लादून नेऊन योसेमिटीचे फोटो काढले, ते अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत लोकांनी बघितले, आणि १८६४ मध्ये लिंकनने ती दरी राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली, त्यात त्या फोटोंचा हातभार होता असं मानतात. एकाच दरीचे फोटो, तेव्हा त्यांनी तिला वाचवलं आणि आता तिथेच गर्दी कशी आवरायची हा प्रश्न.

भटकभवानी, तुमच्या खिंडीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, तसंच राहू द्या.

शटरबहाद्दर

अर्धउजेड, त्या चंद्राच्या गोष्टीवरून आठवलं, उलटी गोष्टपण आहे की. अपोलो ८. २४ डिसेंबर १९६८, चंद्राभोवती फिरताना अंतराळवीर बिल अँडर्सना खिडकीतून चंद्राच्या कडेवर पृथ्वी येताना दिसली. त्यांचं काम होतं चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो काढायचं, हा फोटो ठरलेल्या वेळापत्रकात नव्हता. पहिला शॉट ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर गेला, मग रंगीत फिल्म कुठेय रे, लवकर दे म्हणून एकच धांदल, ती रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. आपण जो बघतो तो त्यानंतरचा. एवढ्या लांब जाऊन सगळ्यात गाजलेला लँडस्केप फोटो निघाला तो मागे वळून घराचा.

लेन्स २५० मिमी होती बरं का. नोंद घ्यावी, लेन्स लागतेच ;)

भटकभवानी

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, पण प्रत्येक दोनदा वाचलाय. नुसताबघ्या, तुमचा राग आला होता आधी, मग मोजून बघितलं, पहिला आणि शेवटचा फोटो यात एकतीस मिनिटं आहेत आणि त्यात कॅमेरा डोळ्याला नसलेला सलग मोठ्यात मोठा वेळ दोन मिनिटं. तेव्हा मी बूट बांधत होते.

तर काल रात्री मी ते दोनशे चाळीस पुन्हा काढून बसले. अर्धउजेड म्हणाले तसं वाक्य बोलून शोधायचं ठरवलं. 'रांगा फिकट' याचे लांब झूमने काढलेले फक्त चार निघाले, आणि चारही मी पूर्वी डीहेज करून ठेवलेले (तिपाईकाका, माफी). रॉवर परत गेले, सगळं शून्यावर आणलं, आभाळ क्रॉप केलं. सहा रांगा मोजता येतात आता. ठीक आहे, सुंदर आहे, पण अजून थोडा कॅलेंडरसारखा वाटतो. नदीची रेघ काही नाही मिळाली, ती मी वाइडने काढलेली, क्रॉप केल्यावर चार पिक्सेल उरले.

मग एक भलताच सापडला. मी बहुतेक लेन्स बदलून नुसती टेस्ट म्हणून शटर दाबलं असावं, कारण त्याच्या आधीचा फोटो माझ्या पायाचा आहे. त्यात मैत्रीण कोपऱ्यात, पाठमोरी, अर्धी कापली गेलेली, जॅकेट पाठीवर फुगलेलं, एका हाताने डोक्यावरची टोपी दाबून धरलीय, आणि पायाजवळचं सगळं गवत एकाच बाजूला झोपलेलं. डोंगर आहे मागे, पण पुसटसा, फोकसही त्याच्यावर नाही. मी तिथल्या तिथे डिलीट करायला गेले असणार आणि विसरले असणार.

भावाला काही न सांगता तेवढा एकच दाखवला. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही टोपी उडाली का गं शेवटी?"

उडाली होती. दरीत गेली. मी त्याला हे कधी सांगितलं नव्हतं.

आता प्रश्न असा की त्यात तिचा डावा खांदा फ्रेमबाहेर गेलाय आणि क्षितिज चांगलंच तिरकं आहे. सरळ करायला गेले तर टोपी धरलेला हात कापला जातो. तसंच ठेवू का?

तिपाई

मी हे लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही, पण तिरकंच ठेवा.